ऐकण्याची खोली

७ जुलै

प्रिय आत्या,

सगळं बदललं ते तिने माझं वाक्य जसंच्या तसं मला परत दिलं तेव्हा. त्याआधी मी नाकावर राग घेऊन फिरणारा एक साधा पोरगा होतो. त्यानंतर काय झालो ते मलाच कळलेलं नाही, म्हणून तर लिहायला बसलोय. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

आधी वाईट बातमी. दुसऱ्या कुणाकडून कळली तर तू मला सोलून काढशील. मी कॉलेज सोडलं. थांब, चष्मा टेबलावर आपटू नकोस. पूर्ण वाच.

मागच्या सत्रात मी प्रयोगशाळेतल्या कपाटाला लाथ मारली होती. मी बोलत असताना सरांनी पाठ फिरवली, एवढंच कारण. कपाट वाकलं. शिक्षा म्हणून मला विद्यापीठाच्या स्वास्थ्य केंद्रात धाडलं. तिथे विद्यार्थ्यांना निरोगी राहायला शिकवतात. पहिल्या दिवशी आम्हाला सतरंजीवर आडवं करून श्वासाकडे लक्ष द्यायला लावलं. माझ्या शेजारचा घोरायला लागला, तर त्याचं कौतुक झालं! दुसऱ्या दिवशी झोप, पाणी, व्यायाम आणि पडद्यावर एक हसणारं यकृत. मी उठून म्हटलं, झोपतो मी, पाणीही पितो, यकृतही असेल कुठेतरी. मला राग येतो त्याचं काय? तेव्हा त्यांनी मला ऐकण्याच्या खोलीत पाठवलं.

दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर नाहीत, जराशा तिरप्या. कागदी रुमालांचा डबा. दाराला उभी काच, आणि दाराच्या डोक्यावर लोखंडी कोपरासारखं ते यंत्र असतं ना, ते. त्यामुळे दार आपटताच येत नाही. कितीही जोर लाव, ते आपल्या मर्जीनेच मिटतं. आणि तिथे ती. आमच्यासारखीच विद्यार्थिनी, केंद्राने शिकवून तयार केलेली. तिचं काम ऐकणं. सल्ला द्यायचा नाही, स्वतःबद्दल बोलायचं नाही, ऐकायचं.

मी सवयीने ओरडूनच सुरुवात केली. आपल्या घरात हळू बोलून उपयोग नव्हता, तुला माहीतच आहे. मी म्हणालो, "लोक माझं अर्धंच ऐकतात आणि निघून जातात." ती म्हणाली, "म्हणजे तुला असं वाटतं, की लोक तुझं अर्धंच ऐकून निघून जातात." आत्या, एवढंच! माझंच वाक्य. पण धुऊन, इस्त्री करून, घडी घालून हातात दिल्यासारखं. माझा आवाज आपोआप खाली आला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुजबुजत भांडलो.

मग दर मंगळवारी. एका मंगळवारी सांगून टाकलं, "मला तू आवडतेस." ती म्हणाली, "म्हणजे तुला असं वाटतं, की तुला मी आवडते." तिचे कान लाल झाले होते, शपथेवर सांगतो. मग तिने नियम सांगितला. आपण ज्याचं ऐकलं तो इथला विद्यार्थी आहे तोवर त्याच्याशी दुसरं कुठलंही नातं ठेवायचं नाही.

ठीक आहे. दुसऱ्याच दिवशी मी नाव काढून घेतलं. विद्यार्थीच नाही तर नियम कसला? दाखला खिशात घालून केंद्रावर धावलो, तर दारावरच्या माणसाने ओळखपत्र मागितलं. ते मी सकाळीच जमा केलेलं. केंद्र फक्त विद्यार्थ्यांसाठी! तेल गेलं, तूप गेलं, पुढचं तू म्हण.

आता कॉलेजच्या फाटकासमोरच फलक छापायच्या दुकानात काम करतो. ती येता-जाता दिसते. हात करते की केस मागे सारते, ते रस्त्यापलीकडून कळत नाही. तूच सांग, तिचं माझ्यावर प्रेम आहे की नाही?

तुझा,
काडी


१५ जुलै

काडी,

चष्मा आपटलाच. काच शाबूत आहे, दांडी गेली. दोऱ्याने बांधून लिहितेय, अक्षर तिरपं आलं तर तो तुझाच प्रताप.

तुला काडी म्हणायला लागले ते अंगाने बारीक म्हणून. घासलं की पेटतोस हे नंतर कळलं. पण पेटायलाही काही रीत असते रे. कपाटाला लाथ, कॉलेजला लाथ, आणि सगळं कशापायी, तर एका पोरीने तुझं वाक्य तुला परत दिलं! विहिरीत ओरडलं तरी वाक्य परत येतं. विहिरीशी लावून देऊ का लग्न?

तुझं पत्र मी कापड तपासते तसं तपासलं, उजेडाला धरून. ती काय शिकते? घरी कोण कोण आहे? तिला राग येतो का, आला तर कशाचा? एवढ्या लांबलचक पत्रात याबद्दल एक ओळ नाही. सगळं तू काय म्हणालास आणि ते परत आल्यावर तुला कसं वाटलं. प्रेम आहे की नाही हे मला काय विचारतोस? तुला तरी कुणावर प्रेम आहे ते कळलंय का?

आणि आपल्या घरात हळू बोलून उपयोग नव्हता, हे वाचलं. पुन्हा वाचलं. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटाने माझे कान नेले हे खरं. पण आम्ही बायका त्या खडखडाटात दिवसभर बोलायचोच की, बिनआवाजाचं, एकमेकींचे ओठ बघून. तुझे आईबाप गेल्यावर तू माझ्याकडे आलास तेव्हा तुलाही शिकवलं होतं. तू ओरडायचास ते तुझ्या समाधानासाठी, मला त्याची गरज नव्हती. मला तुझं तोंड समोर हवं असायचं. तू रागावून पाठ फिरवायचास, तिथे माझा धागा तुटायचा. मग तू दार आपटायचास, ते मात्र पायाखालच्या फरशीतून बरोबर कळायचं. असो.

पुन्हा प्रवेश मिळतो का, ते आधी विचार. बाकी मग बघू.

आत्या


२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

विहिरीचं वाचून दोन दिवस धुमसत होतो. मग वाटलं, विचारायला काय जातं. रस्ता ओलांडून तिला फाटकाशी गाठलं आणि विचारलं, "तू काय शिकतेस?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तू हे कधी विचारलंच नव्हतंस." आणि बसमध्ये चढली. रागाने म्हणाली, की हसून, की नुसतंच? बसच्या खिडकीतून बघत होती, पण माझ्याकडे की माझ्या मागच्या दुकानाकडे कुणास ठाऊक. मला काहीच समजेनासं झालंय. पूर्वी निदान राग आलाय एवढं तरी समजायचं.

दुकानात केंद्राच्या आरोग्य सप्ताहाचे फलक आलेत. एकावर भलामोठा कान, खाली 'बोला, आम्ही ऐकतो'. तो कान कापायला मालकांनी मलाच बसवलं. दुसऱ्यावर झोपेचा सल्ला आणि पाण्याचा सल्ला होता. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, दोन ओळींची खिचडी झाली आणि फलक छापून बाहेर पडला, 'रोज आठ तास पाणी प्या'. केंद्राने तो तसाच टांगला! पोरं त्याखाली बाटल्या तोंडाला लावून फोटो काढतायत. मालक म्हणाले, "तुझं लक्ष कुठे असतं रे?" काय सांगू? फाटकाकडे.

पुन्हा प्रवेशाचं म्हणशील तर महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मी जाणार नाही. विद्यार्थी झालो की नियम परत मध्ये येऊन बसणार. त्या मोकळ्या रस्त्यावर तिने एकदा हो म्हटलं, की झालं.

काडी


१२ ऑगस्ट

काडी,

पत्र मिळालं. मी बरी आहे. जरा कंबर धरलीय, बसून बसून.

दोन दिवस रजा घेतली होती, विशेष काही नाही. जास्त लिहीत नाही. जेवण वेळेवर घेत जा, गालफडं पार बसलीत. आणि फाटकासमोरचा रस्ता खणून ठेवलाय, पलीकडे धावत जाऊ नकोस, पडशील.

त्या मुलीचं काही कळलं का?

आत्या


२० ऑगस्ट

आत्या,

रस्ता खणलाय हे तुला कुणी सांगितलं? माझी गालफडं तुला कुठून दिसली? पत्र वाचलं तेव्हा मी मूर्ख, माझ्या ध्यानात आलं नाही. काल ती स्वतः दुकानात आली तेव्हा सगळा उलगडा झाला.

तू इथे आलीस. माझ्यासमोरून गेलीस आणि मला भेटली नाहीस. दारावरच्या माणसाला न जुमानता सरळ केंद्रात शिरून केंद्रप्रमुख बाईंना म्हणालीस, "तुमच्या पोरीने माझ्या पोराला नादी लावलं, त्याचं कॉलेज सोडवलं!" आणि म्हणालीस म्हणजे कशी, मागांच्या मध्ये उभं राहून हाक मारतेस तशी. त्या इमारतीत सगळं गुपित राखतात, दारांना मऊ पट्ट्या लावल्यात, लोक चपला काढून चालतात! वजन करायच्या रांगेतल्या पोरांनी ऐकलं, सतरंजीवर श्वासाकडे लक्ष देणाऱ्यांनी ऐकलं. सगळ्या विद्यापीठात बोभाटा झाला.

तिला ऐकण्याच्या कामावरून काढलंय. ती समुपदेशनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. खोलीतले तास हेच तिचं प्रात्यक्षिक होतं. ते गेले की वर्ष गेलं. ती काय शिकते, हे मला असं कळलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फलकांच्या गुंडाळ्यांमध्ये उभी राहून शांतपणे म्हणाली, "मी नियम मोडला नाही. तू सांगशील का त्यांना?" आणि मी काय विचारलं असेन? मी विचारलं, "मी तुला आवडतो का?" ती म्हणाली, "आत्ता हे विचारतोस?" आणि गेली.

मी तडक केंद्राच्या दारावर जाऊन बाईंना बाहेर बोलावलं. बाई म्हणाल्या, "जबाब घेऊ, पण नोंदणी असलेल्या विद्यार्थ्याचा. तुम्ही आमचे कुणीच नाही." बघ आता माझी गंमत. आजच्या घडीला ती ऐकणारी नाही, मी विद्यार्थी नाही, आमच्यामध्ये एकही नियम उरलेला नाही. जे मागत होतो ते तू मला मिळवून दिलंस! खरं सांगू? केंद्रावरून परत येताना क्षणभर मला आनंद झाला. मग त्या आनंदाची इतकी शिसारी आली की फाटकाजवळच्या खांबाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

तिचं वर्ष वाचवायचं तर मला परत विद्यार्थी व्हावं लागेल, आणि झालो की ती त्या काचेपलीकडे, पदवी मिळेपर्यंत. नाही झालो तर ती माझ्यासमोर मोकळी उभी असेल, पण वर्ष गमावून. मी काय करू? नाही, तू सांगू नकोस. तू पुरेसं सांगून आलीस. आधी ती तक्रार मागे घे.

काडी


२५ ऑगस्ट

काडी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तक्रार मागे घेतल्याचं लिहून पाठवलं. उलट टपाली उत्तर आलं, की तक्रार गेली तरी चौकशी राहते, आणि चौकशीत मुलाचं म्हणणं लागतं.

कापडात दोष सापडला की आम्ही खडूने खूण करतो, लगेच फाडत नाही. तुझ्या बाबतीत मी सरळ फाडलं. तुझ्या अंगातली आग कुठून आली असं लोक विचारायचे, मी तुझ्या बापाचं नाव सांगायचे. आता काय सांगू? चुकले मी. तुला भेटले नाही, कारण तुला दुकानात त्या मोठ्या कानावर वाकलेला बघितलं आणि रडू आलं. रडत भांडायला मला जमत नाही.

एक गोष्ट मी लपवली आहे. ती सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण तुला निवड करायची आहे, आणि माप मारून माल देणं मला या वयात शोभत नाही.

ओरडून झाल्यावर मी बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी मुलीला आत बोलावलं. दाराला काच होती. ती बाईंसमोर उभी होती, तोंड माझ्या बाजूला. मला वाटलं, आता पोरगी तुझ्यावर सगळं ढकलणार. तिने ढकललं नाही. ती बोलत होती ते मला अगदी स्वच्छ दिसलं, "त्याची वेळ असली की मी सकाळपासून", आणि तेवढ्यात तिने मान खिडकीकडे वळवली. पुढचं मला दिसलं नाही.

सकाळपासून काय? आनंदात असते? धास्तावलेली असते? 'त्याची' म्हणजे तुझीच ना? मी छातीवर हात ठेवून काहीही सांगू शकत नाही. ओठ वाचणाऱ्याने साक्ष देऊ नये. तुला आधी सांगितलं असतं, तर तू त्या अर्ध्या वाक्यावर माडी बांधली असतीस. आता बांध किंवा बांधू नकोस. मी येऊन पाडणार नाही, आणि ओरडणारही नाही.

अंगठ्याला गरम पाण्याचा शेक दे.

आत्या


११ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं ते अर्धं वाक्य मी मुदत संपेपर्यंत खिशात घेऊन फिरलो. मालक म्हणायचे, हा पोरगा कात्री हातात धरून कोणाशी बोलतो? रोज सकाळी ठरायचं, जाऊन तिलाच विचारावं, आज आपल्यात नियम नाही. रोज दुपारपर्यंत ते उलटायचं. कारण तिने मला विचारलं होतं तेव्हा मी तिचं अर्धंच ऐकलं होतं. प्रयोगशाळेतल्या सरांसारखं.

शेवटी प्रवेश घेतला. ओळखपत्रावर फोटो असा आलाय की जणू मला पकडून आणलंय. मग जबाब. बाई टंकत होत्या, मी सांगत होतो, "मला कुणी नादी लावलं नाही. माझा मीच प्रेमात पडलो. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि ऐकलं, एवढंच त्यांचं काम होतं, तेवढंच त्यांनी केलं." बाई थांबून म्हणाल्या, "हळू बोललात तरी चालेल." मला वाटत होतं की मी हळूच बोलतोय.

तिला परत घेतलं. काम गेलं तरी निदान वर्ष वाचलं असं म्हणणार होतो, पण कामही मिळालं, खोलीही तीच. मग मला निरोप आला. तिथे अशी पद्धत आहे, की ऐकणं अर्धवट सोडायचं नाही. माझं सुटलं होतं, म्हणून एक शेवटची बैठक तिच्यासोबत, आणि पुढे गरज पडली तर दुसरा कुणी ऐकणारा.

आज ती बैठक झाली. तुला लगेच लिहितोय.

खुर्च्या तशाच तिरप्या. ती म्हणाली, "आज कशाबद्दल बोलायचंय?" तुझं वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी म्हणालो, "तू कशी आहेस?"

ती म्हणाली, "म्हणजे तुला असं वाटतं..." आणि थांबली. परत द्यायला त्यात माझं काही नव्हतंच. आणि स्वतःबद्दल बोलायची तिला परवानगी नाही. मग मला बाहेर वजनाच्या काट्यावर चढणाऱ्या पोरांची कुजबुज ऐकू आली, पंख्याची एक पाती घासत होती ती ऐकू आली, तिचा श्वास ऐकू आला. तिला सर्दी झाली होती. इतके मंगळवार मी त्या खोलीत काढले आणि तिथे माझ्याखेरीज दुसरा काही आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

मग मी तू शिकवलंस तसं केलं. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "माझी वेळ असली की तू सकाळपासून काय?"

तिला कळेल असं मला वाटलं नव्हतं. पण गिरणीतल्या बायका कशा बोलायच्या हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तिने ते लक्षात ठेवलं होतं, आत्या. ती दाराच्या काचेकडे बघत राहिली. त्या दिवशी बाकावर बसलेलं कोण आठवलं असेल तिला, सांगायला नको. मग माझ्याकडे बघितलं आणि तिचे ओठ हलले. आवाज नाही. दोनच शब्द असतील. आणि बोलता बोलता सर्दीने म्हण की कशाने, तिने रुमाल तोंडाशी नेला.

जे दिसलं ते इथे लिहीत नाही. तू म्हणशील, माडी बांधायला लागला. शिवाय ती तेच म्हणाली, की मला हवं तेच मला दिसलं, हे मला खरंच ठाऊक नाही. तू इतकी वर्षं अशी कशी राहिलीस गं? प्रत्येक वाक्यामागे ही शंका घेऊन, माझ्यासारख्या पाठ फिरवणाऱ्या पोरासोबत? दार आपटलं की निदान तेवढं तरी तुला नक्की कळायचं. बाकी सगळ्याचा अंदाज बांधत तू वाढवलंस मला.

परत एकदा म्हण, असं तिला म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. अजून बरेच दिवस मी इथला विद्यार्थी आहे, आणि ती इथे ऐकणारी आहे, आणि बाहेर बाकावर तिची वाट बघत एक पोरगी बसली होती, नखं कुरतडत. वेळ संपायला अवकाश होता. मी उठलो. बाहेर आलो. दार आपल्या मर्जीने सावकाश मिटायला लागलं. मी दाराची मूठ धरून त्याच्या चालीने त्याच्याबरोबर गेलो, आणि ते बाहेरून हलकेच लावलं.